बैलजोडीपेक्षा हलकी मोटार

नवीन माणूस भेटला की आपल्याकडे लोक आधी गाव विचारतात, मग आडनाव, मग आडून आडून बाकीचं सगळं. काटेवाले चाचा यातलं काहीच विचारायचे नाहीत. ते समोरच्याचं वजन सांगायचे. मी खोली बघायला गेले तेव्हा देगलूरपासून लातूरपर्यंतच्या एसटीनं माझी हाडं खिळखिळी झाली होती. चाचांनी मला पायापासून डोक्यापर्यंत एकदा न्याहाळलं आणि म्हणाले, "पन्नासच्या आतबाहेर. पिशवी सोडून." मग घराकडे तोंड करून ओरडले, "वरच्या खोलीला माणूस मिळालं! स्लॅबला तरास न्हाई!"

माझं वजन अठ्ठावन्न होतं. ही गोष्ट मी तिथं राहिले तोवर त्यांना सांगितली नाही. कोण कशाला सांगेल?

नांदेड रस्त्यावर त्यांचा धरमकाटा होता. अख्खा ट्रक चढेल असा लोखंडी पाट, शेजारी खिडकीची केबिन आणि केबिनवर लाल आकड्यांचा बोर्ड. मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, सोयाबीन, तूर, हरभरा घेऊन येणारी गाडी आधी भरलेली चढायची, माल उतरवून रिकामी चढायची. मधला फरक तो माल. त्याच आवारात मागं चाचांचं घर आणि वर माझी खोली. मी एका कोचिंग क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवायचे. दिवसभर पोरांपुढे मिलिग्रॅमचा जप करून घरी यावं, तर खाली चाचा टनांत गप्पा मारत बसलेले.

काटा ते रोज स्वतः झाडायचे. दुसऱ्या कुणाला झाडूला हात लावू द्यायचे नाहीत. एकदा मी म्हणाले, "चाचा, तुमचा काटा दहा-दहा किलोनं बोलतो. चिमूटभर धूळ त्याला काय कळणार?"

"त्याला न कळू दे," ते म्हणाले, "मला कळती की."

हिवाळ्यात गल्लीतलं एक कुत्रं ऊन खायला काट्यावर येऊन पसरायचं. ते आपण होऊन उठेपर्यंत चाचा एकही गाडी चढवायचे नाहीत, आणि त्याला हाकलूही द्यायचे नाहीत. ट्रकांची रांग लागायची, ड्रायव्हर हॉर्न बडवायचे. चाचा खिडकीतून हात हलवायचे, "गप रे! रातभर राखण करून आलंय ते." ड्रायव्हरांना ते गाडीतून उतरवायचेच, वर तोंडातला गुटखाही थुंकायला लावायचे. एकानं विचारलं, "चाचा, गुटख्याचं असं कितीक वजन?" चाचा म्हणाले, "तुझा गुटखा शेतकऱ्याच्या सोयाबीनमधी कामून मोजू?"

मधल्या मुलीच्या लग्नात तर त्यांनी कहर केला. उदगीरहून वऱ्हाडाची बस आली. "गाडी लावायला जागा तिकडंच हाय," असं म्हणून चाचांनी ती बस वऱ्हाडासकट काट्यावरून घेतली. निघतानाही तिकडूनच बाहेर काढली. पाठवणीची रडारड संपली, चाचीनं डोळे पुसले, तेव्हा चाचा हळूच म्हणाले, "सव्वा क्विंटल बिर्याणी पोटात घालून गेले. माशाल्ला!" चाची त्यांच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "उसमें अपनी बेटी भी थी ना बस में." चाचांनी वरमाईला दिलेले डबे वजा केले होते, लेकीचं वजन वजा करायचं राहिलं होतं. मग तो धिप्पाड माणूस केबिनमध्ये जाऊन बसला तो संध्याकाळपर्यंत बाहेर आलाच नाही. हा किस्सा चाची मला सांगायची तेव्हा हसता हसता तिच्याही डोळ्यांत पाणी यायचं.

मी सांगते आहे ते वर्ष चाचांना जड गेलं. समोर रस्त्याच्या पलीकडे एक नवाकोरा काटा झाला, आणि त्याच हंगामात मोंढ्यातला एक अडतदार बोलून गेला की चाचांचा काटा भारी चालतो. म्हणजे माल असेल त्याहून जास्त दाखवतो, आणि घेणाऱ्याला न आलेल्या सोयाबीनचे पैसे मोजावे लागतात. त्याच्या एका ट्रकाचं वजन चाचांच्या काट्यावर एक आणि मिलवर थोडं कमी भरलं होतं. चाचा म्हणत होते की माल ओला होता, वाटेत वाळला. पण अडतदार जिभेचा सैल, आणि बोलणं रंगवून सांगायची त्याला हौस. बघता बघता रांग पातळ झाली. काटा चाचांच्या वडिलांनी सुरू केलेला. फाटकावरच्या बोर्डावर अजून त्यांचंच नाव होतं. चाचा काटा दिवसातून दोनदा झाडायला लागले.

अशात दिवाळीच्या तोंडावर गावाबाहेरच्या मैदानावर गाड्यांचं प्रदर्शन लागलं. जाहिरातीत एक स्पोर्ट्स कार येणार असं होतं. मला गाड्यांचं लहानपणापासून वेड. देगलूरच्या नाक्यावर उभं राहून मी नुसत्या आवाजावरून गाडी ओळखायचे आणि आईच्या शिव्या खायचे. मी चाचांना म्हणाले, "चला की."

"गाडी बघायला पैदल कशाला जावं? माझ्याकडं गाड्याच येत्यात."

"ही वेगळी आहे. तिचं वजन नऊशे वीस किलो आहे म्हणे."

चाचांचा चहाचा कप वाटेतच थांबला. "नऊशे वीस? अगं, चांगल्या देवणी बैलांची जोडी त्याच्यावर जाती. बैलजोडीपेक्षा हलकी मोटार? झूट."

आणि ते चप्पल शोधायला लागले.

लातूरचं प्रदर्शन म्हणजे अर्धं मैदान ट्रॅक्टरचंच. एका बाजूला हार्वेस्टर, दुसऱ्या बाजूला पेरणीयंत्र आणि मधे निळ्या गालिच्यावर ती. आधी मला ती दिसलीच नाही, एवढी बुटकी. लोकांच्या पायांमधून काहीतरी पिवळं चमकलं म्हणून मी घुसले. नांदेडच्या मोंढ्यात हळदीचा ढीग असतो तसा पक्का पिवळा रंग. टप जेमतेम माझ्या छातीपर्यंत. चाकं अंगापेक्षा मोठी वाटावीत अशी, आणि पुढचा भाग जमिनीला इतका लागून की मुखेडकडचे एक आजोबा वाकून बघत म्हणाले, "ही बांधावरून कशी जावी?" त्यांच्या मागच्यानं विचारलं, "ॲव्हरेज किती देती?" तिसऱ्याला खताची गोणी कुठं ठेवायची ते हवं होतं.

कंपनीची एक मुलगी गाडीजवळ उभी होती. पुण्याची, गोड बोलणारी, आणि सकाळपासून त्याच तीन प्रश्नांना उत्तरं देऊन थकलेली. मी तिला इंजिनबद्दल काहीतरी विचारलं, तर तिचा चेहरा उजळला आणि तिनं मला आत बसू दिलं.

ते बसणं नव्हतंच, उतरणं होतं. आधी एक पाय, मग कंबर, मग देवाचं नाव. पाय सरळ पुढं, पाठ जवळजवळ जमिनीला, आणि काचेतून बाहेरच्या लोकांची नुसती पोटं दिसत होती. दाराला आतून मूठ नाही, कापडी पट्टा ओढायचा. मागं सीट नाही, बाटली ठेवायला जागा नाही. स्टिअरिंग लहानसं आणि गिअरची दांडी इतकी आखूड की नुसत्या मनगटानं हलायची आणि जागेवर बसताना टक् करायची. तो टक् मी उगाच चार-पाच वेळा ऐकला. मग तिनं बाहेरून वाकून गाडी सुरू केली. आवाज कानांत आला नाही, सीटमधून थेट पाठीत आला. मला ती गाडी फार आवडली. आयुष्यात कधी मी ती घेणार नव्हते, लातूरच्या खड्ड्यांत तिचा निभाव लागणार नव्हता, तरी तिच्यातून उतरताना मला माहेरून निघाल्यासारखं वाटलं.

चाचा तोवर हात मागे बांधून गाडीभोवती दुसरी फेरी मारत होते. त्यांनी पत्र्यावर बोटाच्या पेरानं वाजवून पाहिलं.

"सर, प्लीज हात नका लावू," मुलगी म्हणाली. "ॲल्युमिनियम आहे. म्हणून तर हलकी आहे."

"हां. म्हणजे जर्मलचं पातेलं." चाचा खाली वाकले. "स्टेपनी कुठं हाय?"

"स्टेपनी नाहीये, सर. वजन वाचवलंय."

"आन् मागची सीट?"

"तीही नाही. वजनच..."

"पोरी, सामान घरी ठिवून वजन कमी केलं तर त्यात काय मोठं केलं? म्या बी कवळी काढून वजन करतो." भोवतीचे लोक हसले. चाचांना जोर चढला. "ती वजनाची पाटी लावलीय ती खोटी हाय. नऊशे वीस न्हाई ही. हिला काट्यावर कोणी चढवलं व्हतं?"

"फॅक्टरीत होतं ना, सर."

"म्या बघितलं न्हाई."

आणि तेवढ्यात गर्दीतून तोच अडतदार बोलला, "चाचा, तुमच्या काट्यावर चढवा हिला. ट्रक व्हऊन उतरंल बघा!"

आता जे हसू फुटलं ते मघासारखं नव्हतं. चाचांची मान खाली गेली, मग वर आली. ते मुलीला म्हणाले, "उद्या तुझी गाडी माझ्या काट्यावर आण. नऊशे वीस निघालं तर तू खरी, म्या बी खरा."

तिला हे भलतंच आवडलं. प्रदर्शन दुसऱ्या दिवशी नांदेडला हलणार होतं आणि ही गाडी ती रस्त्यावरचे व्हिडिओ काढत स्वतःच चालवत नेणार होती. धरमकाट्यावर स्पोर्ट्स कार! असला व्हिडिओ तिला पुण्यात कुठे मिळणार?

परत आम्ही रिक्षानं आलो. घर आलं तेव्हा चाचा म्हणाले, "बेटी, घाई केली का म्या? आकडा जास्ती निघाला तर लोक कंपनीला खोटं म्हणायचे न्हाईत. मलाच म्हणतील. अब्बांचं नाव हाय बोर्डावर."

मी म्हणाले, "काटा बरोबर आहे ना तुमचा?"

"व्हता," ते म्हणाले. हे 'होता' मला मुळीच आवडलं नाही.

सकाळी आवारात पाय ठेवायला जागा उरली नाही. ड्रायव्हर, हमाल, डाळमिलचे लोक आणि सगळ्यांत पुढं अडतदार. पिवळी गाडी फाटकातून आत आली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण पाहुणी दारात आली आणि चहा न घेता कामाला लागली असं चाचीच्या घरी होणं शक्य नव्हतं. मुलीनं चहा घेतला, खारी खाल्ली, चाचीच्या आग्रहाखातर पुन्हा खाल्ली. मी वरून खुर्च्या आणण्यात गुंतले होते.

मग चाचांनी काटा झाडला. बोर्डावर शून्य आलेलं सगळ्यांना दाखवलं. गाडी अलगद पाटावर चढली, मुलगी उतरून बाजूला आली आणि फोन वर धरून उभी राहिली. लाल आकडे पळाले आणि थांबले.

नऊशे ऐंशी.

अडतदार म्हणाला, "बघा. म्हनलं व्हतं का न्हाई? साठ किलो भारी."

चाचांनी गाडी खाली घ्यायला लावली. शून्य आलं. पुन्हा चढवली. नऊशे ऐंशी. मागून एक ड्रायव्हर ओरडला, "चाचा, कंपनीच खोटी आसंल!" आदल्या दिवशी मैदानावर चाचा स्वतः हेच म्हणत होते. आता नुसतं 'हाव' म्हणायचं, की सुटले असते. माझ्या मनात तर ते शब्द तयारच होते.

मुलगी मनानं चांगली. ती हळू आवाजात म्हणाली, "काका, मी व्हिडिओत आकडा दाखवत नाही. तुम्ही काळजी करू नका."

"दाखव," चाचा म्हणाले. "काट्यानं सांगितलं ते लपवू नगं."

ते केबिनमध्ये गेले. बोर्ड बंद झाला. साखळी आणि कुलूप घेऊन ते बाहेर आले आणि गाडी काट्यावर असतानाच त्यांनी काट्याच्या तोंडाशी साखळी लावली. रांगेत सोयाबीनचे तीन-चार ट्रक उभे होते, पुष्कळ दिवसांनी लागलेली रांग. चाचा त्यांच्याकडे वळले.

"कंपनी न्हाईतर काटा, दोघांतला एक खोटा हाय. कोणता ते मला ठावं न्हाई. वजनमापवाले येऊन तपासतील तवर काटा बंद. समोरच्या काट्यावर जावा. शक असलेल्या काट्यावर म्या शेतकऱ्याचा माल चढवणार न्हाई."

कुलूप लावून त्यांनी किल्ली खिशात ठेवली. अडतदाराचं हसू केव्हाच मावळलं होतं. तो चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत उभा होता. मला चाचांचा इतका अभिमान वाटला आणि त्या पिवळ्या गाडीचा इतका राग आला की काय सांगू! कालचं माझं प्रेम पार आटलं.

तेवढ्यात चाची कपबशा गोळा करत बाहेर आली. चाचांचं तोंड बघून थबकली.

"कायकू मुं उतारके बैठे?"

"गाडी साठ किलो जास्ती निघाली," मी म्हणाले.

"साठ?" चाचीनं मनाशी हिशोब केला आणि तिचा चेहरा खुलला. "फिर तो बराबर हैच ना! तीस-तीस के दो कट्टे मैंच रखवाई ना डिक्की में! तूर की दाल के!"

मुलीनं कपाळावर हात मारला. चहाच्या वेळी चाची तिला म्हणाली होती, "बेटी, डिक्की उघड, थोडी डाळ ठेवते घरच्यांसाठी." हिला वाटलं, दोन किलोची पिशवी असेल. तिनं फोनवर बोलता बोलता बटण दाबलं, आणि चाचीनं एका हमालाला सांगून लातूरच्या मानानं थोडी, म्हणजे दोन कट्टे डाळ आत ठेवून घेतली. पाहुणी लातूरला यावी आणि डाळ न घेता जावी, हे चाचीच्या कल्पनेतच बसत नव्हतं. गाडीच्या वजनाशी डाळीचा काही संबंध असेल हे तर नाहीच नाही. चाळीस वर्षं काट्याशेजारी संसार केलेली बाई!

आवारात जो हशा पिकला तो समोरच्या काट्यापर्यंत गेला असणार. चाचा मात्र हसले नाहीत. त्यांनी कुलूप काढलं, अडतदाराकडे बोट केलं आणि म्हणाले, "शेट, तू काढ."

अडतदारानं मुकाट्यानं एक-एक कट्टा उचलून खाली ठेवला. इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टाला डाळीची पूड लागली. बोर्ड पेटला. नऊशे वीस. मुलगी फोन धरून ओरडतच सुटली, हमालांनी शिट्ट्या मारल्या, आणि मुखेडकडचा एक ड्रायव्हर मला म्हणाला, "ताई, मोटार लई हलकी हाय, पर चाची लई जड हाय."

"आता कट्टे परत ठिव," चाचा अडतदाराला म्हणाले.

"अहो काका, नको!" मुलगी म्हणाली. "मग ही लाइटवेट कसली राहिली?"

"नांदेडपर्यंत ऱ्हाऊ दे जड. मेहमान खाली हात जात न्हाई."

गाडी मागून थोडी बसलेली, अशी फाटकाबाहेर गेली. गर्दी पांगली. मी पाणी घेऊन केबिनमध्ये गेले, तर चाचा बंद पंख्याखाली बसले होते आणि त्यांचे डोळे भरलेले होते. मी म्हणाले, "आता कशाला, चाचा? निघाला की बरोबर."

"काटा बरोबरच व्हता गं," ते म्हणाले. "पर म्या मनात म्हनलं न्हाई का, खोटा हाय? कुलूप लावताना वाटलं, अब्बांच्याच तोंडाला लावून राहिलो."

मी म्हणाले, "तुम्ही लावलंत, म्हणून तर आता कुणी काही बोलणार नाही." ते पाणी प्यायले आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "तू वाळलीस. अठ्ठेचाळीस." म्हणजे स्वारी रुळावर येत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला ट्रक अडतदाराचा आला. तो स्वतः ड्रायव्हरशेजारी बसून आला होता. ट्रक चढला, आकडे थांबले, ट्रक उतरला. चाचांनी खिडकीतून पावती पुढे केली. मोंढ्यातला माणूस पावती आधी वाचतो, मग बोर्डाकडे बघतो आणि पुन्हा वाचतो. अडतदारानं तिच्याकडे बघितलंही नाही. दोन घड्या घातल्या आणि खिशात टाकली.

"बघून तर घे, शेट," चाचा म्हणाले.

"त्यात काय बघायचंय आता?" तो म्हणाला. "च्या सांगा."

चाचांनी घराकडे तोंड वळवलं, पण त्यांचा आवाज फुटेना. रोज तीन गल्ल्यांना ऐकू जाणारा तो आवाज! शेवटी मीच जिन्यातून ओरडले, "चाची, दोन चहा!"